रेझिनची अढी

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र जागवतात. त्याच रात्री नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शेडमध्ये संध्याकाळी घातलेलं कार्बन कापडाचं लॅमिनेट, म्हणजे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक रचलेले थर, सकाळपर्यंत चिकटच राहतं, बोट लावलं की ठसा उमटतो. हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) जुना नसतो, वजनातही चूक नसते. इपॉक्सीला, म्हणजे कापडाला बांधून ठेवणाऱ्या त्या रेझिनला, थंडी बाधलेली असते. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की रेझिनच्या क्रियेचा वेग निम्म्यावर येतो. २५ अंशांना जे एका दिवसात जमतं, त्याला १० अंशांना जवळजवळ तीन दिवस लागतात. त्यात थंड, दमट हवेतल्या पाण्याची आणि कार्बन डायऑक्साइडची हार्डनरशी गाठ पडली की पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर चढवला, तर ते दोन थर एकजीव होत नाहीत.

मे महिन्यात दुसरंच संकट. शेडच्या हवेत घट्ट झालेला काळा कार्बनचा भाग टणक दिसतो, पॉलिशही छान घेतो. पण ४० अंशांच्या हवेत, भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे जातो. ज्या तापमानाला रेझिन काचेसारखं कडक न राहता रबरासारखं व्हायला लागतं, त्याला टीजी म्हणतात. साध्या हवेवर घट्ट केलेल्या इपॉक्सीचा टीजी बहुधा ५० ते ६० अंशांतच अडकलेला असतो. मग गुळगुळीत पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते, स्क्रूखालची जागा दबते, लांब पातळ भाग वाकतो. दोन्ही संकटांवर उपाय एकच: रेझिन सारख्या उबेत घट्ट करणारा ओव्हन. तो घरी कसा बांधायचा, ते इथे सांगतो.

आपल्याकडे ‘रेझिन सुकलं का?’ असं विचारतात. रंग सुकतो, कारण त्यातलं थिनर उडून जातं. इपॉक्सीतून जवळजवळ काहीच उडत नाही. रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांत विणले जातात. म्हणून मला त्याला ‘पिकणं’ हा शब्द जवळचा वाटतो. आंबा नुसता उन्हात ठेवला तर एका अंगाने भाजतो. अढीतल्या पेंढ्यात त्याला सगळीकडून सारखी ऊब मिळते आणि तो आतून पिकतो. क्युअरिंग ओव्हन ही रेझिनची अढी. घरी ओव्हन बांधणारे बहुतेक जण १२० अंश गाठायचे कसे याचाच विचार करतात. तेवढं तापमान गाठणं फार सोपं आहे. हवा आणि मोल्ड (साचा), वरचा कोपरा आणि खालचा, कड आणि मध्य यांच्यात फरक पडू न देणं, यात खरी मेहनत आहे.

या पिकण्याला एक खोड आहे. रेझिन जसजसं विणलं जातं, तसतसा त्याचा टीजी वर सरकतो. तो भोवतालच्या तापमानाच्या थोडा पुढे गेला की रेणूंना हलायला जागा उरत नाही आणि क्रिया जवळजवळ थांबते. त्यापुढे महिनाभर तसंच ठेवलं तरी फार फरक पडत नाही. ऊब वाढवावी लागते. पोस्ट-क्युअरमध्ये, म्हणजे घट्ट झालेला भाग पुन्हा तापवताना, आपण हेच करतो. २४ तास साध्या हवेत ठेवून मग तासाला १० अंश अशा धिम्या चढणीने ६० किंवा ८० अंशांपर्यंत नेलं, की टीजी ओव्हनच्या एक पाऊल पुढे चालत राहतो. चढण घाईची झाली की ओव्हन टीजीला मागे टाकतो, भाग मऊ होतो आणि स्वतःच्या वजनाने बसतो. म्हणून पोस्ट-क्युअर होईपर्यंत भाग मोल्डवरच असू द्यावा. किती अंश आणि किती तास, हे मात्र त्या-त्या रेझिनच्या डेटाशीटनेच सांगावं. दुसऱ्याचं वेळापत्रक उसनं घेऊ नये.

आता खोकं. आतली जागा १.२ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद, ६० सेंटीमीटर उंच धरू. ड्रोनचे पंख, सायकलचा फोर्क, कॉलेजच्या रेसिंग कारची नाकाडी एवढ्यात मावतात. सांगाडा २५ मिमी चौकोनी पाइपचा, आतला पत्रा २४ गेजचा जीआय (जस्त चढवलेला), मध्ये ५० मिमी रॉकवूलची (उष्णता अडवणाऱ्या दगडी तंतूंची) स्लॅब, बाहेर पुन्हा पत्रा.

नाशिकमध्ये एक मोह हमखास होतो. द्राक्षांच्या प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेजचे जुने पफ पॅनेल पिंपळगाव-दिंडोरीकडे भंगारात स्वस्त मिळतात. पत्रा, फोम, पत्रा असं सगळं तयार. ६०-७० अंशांच्या पोस्ट-क्युअरपुरता त्यांचा ओव्हन चालतो आणि चांगला चालतो. १२० अंशांच्या प्रीप्रेगसाठी (आधीच रेझिन मुरवलेल्या कापडासाठी) मात्र ते पॅनेल वापरू नयेत. पॉलियुरेथेन फोम १०० अंशांच्या आसपास सुजायला, पत्र्यापासून सुटायला लागतो, आणि पेटलाच तर त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. थर्मोकोल तर ८० अंशांच्या आसपासच बसतो, त्याचा विचारच नको. रॉकवूल जळत नाही. कापताना अंगाला खाजवतं, म्हणून मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना कुठेही थेट टेकू देऊ नये. एक लोखंडी पट्टी आरपार गेली की उष्णता तिच्यातून धावते, बाहेर चटका बसतो आणि आत तिथेच थंड डाग पडतो. जोडाच्या जागी हायलमच्या, म्हणजे उष्णता कमी वाहून नेणाऱ्या कडक रेझिन-शीटच्या, पट्ट्या घालाव्यात. दाराला सिलिकॉनचं गास्केट आणि दोन ओढून बसणाऱ्या कड्या. दाराची फट हा घरगुती ओव्हनचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वरच्या फटीतून गरम हवा जाते, खालून थंड येते, आणि दाराजवळचा भाग १५ अंश मागे राहतो.

हीटर किती? इथे बहुतेकांची उडी गरजेच्या पलीकडे जाते, म्हणून हिशेब मांडतो. खोक्याचं आतलं क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर. ५० मिमी रॉकवूलमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण ०.९ वॅट निसटतात. ३० वरून १२० म्हणजे ९० अंशांचा फरक, म्हणून भिंतींतून सुमारे ३०० वॅट. दार, भोकं, जोड धरून ५०० म्हणू. आत तापवायचा ऐवज असा: १७ किलो पत्रा, १५ किलो ॲल्युमिनियमचा मोल्ड, ५ किलोची लोखंडी जाळी आणि रॉकवूलचा स्वतःचा वाटा. हे सगळं ९० अंश चढवायला २८ लाख ज्यूल लागतात. आतली हवा यात नगण्य आहे. मिनिटाला दीड अंश, म्हणजे तासाभराची चढण धरली, तर या कामाला ८०० वॅट. वरचे ५०० मिळवून १,३०० वॅट. ५०० वॅटचे चार फिन हीटर (नळीवर पातळ पत्र्याच्या चकत्या असलेले) लावले की पुरे. दिसायला जास्त वाटतात, पण २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर २,००० वॅटचा हीटर १,५०० वॅटच देतो, आणि नाशिकच्या आसपासच्या गावांत संध्याकाळी तेवढे व्होल्ट उतरणं नेहमीचं आहे. त्याहून मोठे हीटर लावले तर चढण जलद होते आणि मोल्ड मागे पडतो. हवा १२० वर आणि मोल्ड ७० वर. तो फरक आपण स्वतः विकत घेतलेला असतो.

पंखा हीटरइतकाच महत्त्वाचा. नुसते हीटर तळाला ठेवले तर छताजवळ १३५ आणि जमिनीजवळ ९५ असं सहज होतं. पूर्ण २,००० वॅट हवेने उचलायचे आणि हवेचं तापमान दर फेरीला १० अंशांहून जास्त चढू द्यायचं नाही, तर सेकंदाला पाव घनमीटर, म्हणजे सुमारे ५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) वारा लागतो. तापमान धरून ठेवताना ५०० वॅटच लागतात, तेव्हा त्याच वाऱ्यात फरक अडीच अंशांवर येतो. कॉम्प्युटरचे पंखे इथे टिकत नाहीत, त्यांचं प्लास्टिक आणि बेअरिंग ७० अंशांपुरतं. मोटर बाहेर, लांब शाफ्ट भिंतीतून आत, पाती धातूची, आणि भिंत व मोटर यांच्यामध्ये शाफ्टवर एक छोटी ॲल्युमिनियमची चकती, म्हणजे शाफ्टमधून येणारी ऊब मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

हीटर आणि भाग यांच्यामध्ये खोट्या भिंतीचा पत्रा हवा. लाल झालेला हीटर समोर दिसला की काळं कार्बन त्याची किरणं थेट पितं, आणि हवेचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) १२० दाखवत असताना भागाची ती बाजू १५० वर गेलेली असते. खोट्या भिंतीला भोकं पाडावीत, पंख्याजवळ लहान आणि दूरच्या टोकाला मोठी, म्हणजे वारा सगळीकडे सारखा वाटला जातो. ही भोकं एका फटक्यात बरोबर येत नाहीत. मोजायचं, काही भोकांवर पत्र्याची चिंधी रिव्हेट करायची, पुन्हा मोजायचं.

वायरिंगमध्ये काटकसर करू नये. आतल्या वायरी फायबरग्लास किंवा टेफ्लॉनच्या, कनेक्टर चिनी मातीचे. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांचीच असते. २,००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, म्हणून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावं. हीटर चालू-बंद करायला ४० अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच), हीटसिंकसकट. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा बंद न होता कायमचा चालू राहतो. तापमान राखणारा पीआयडी कंट्रोलर ‘बंद’ म्हणत असतो आणि हीटर तापतच राहतो. म्हणून त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर (चुंबकावर चालणारा मोठा स्विच), आणि त्या कॉन्टॅक्टरवर हुकूम चालणारा पूर्ण वेगळा थर्मोस्टॅट हवा. बेकरीच्या ओव्हनला लागतो तो कॅपिलरीवाला, क्युअरच्या तापमानापेक्षा १५-२० अंश वर लावलेला. त्याने एकदा वीज तोडली की ती आपोआप परत जोडली जाऊ नये, माणसाने येऊन बटण दाबावं अशी जोडणी करावी. पंखा थांबला की हीटरही थांबला पाहिजे. रात्रभर चालणाऱ्या ओव्हनची झोपेतली राखण याच दोन गोष्टी करतात. एवढं नसेल तर तो ओव्हन एकटा सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळ्यात एक चमत्कारिक वाटणारा बिघाड येतो. दोन महिने बंद असलेला ओव्हन लावला की लगेच आरसीसीबी पडतो. फिन हीटरच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती हवेतलं पाणी ओढते. नळीच्या टोकाचं सील जुनं झालं की जुलै-ऑगस्टची दमट हवा आत शिरते आणि वीज बॉडीवर पाझरते. आरसीसीबी काढून टाकून ओव्हन चालवणं हा यावरचा उपाय कधीच नव्हे. हीटर सोडवून दुसऱ्या उष्णतेने १०० अंशांच्या थोडं वर काही तास वाळवावेत, मेगर (वीज कुठे पाझरते का ते मोजणारं यंत्र) लावून पाहावा, सुधारले नाहीत तर बदलावेत.

थर्मोकपल के-टाइप घ्यावा. त्याच्या दोन तारांना दिशा असते आणि रंगाची पद्धत देशागणिक बदलते. अमेरिकन पद्धतीत लाल तार ऋण असते, आणि लाल म्हणजे धन या सवयीने ती उलटी लागते. मग ओव्हन तापला की आकडा खाली जातो, कंट्रोलरला वाटतं थंड होतंय, आणि तो हीटर पूर्ण जोराने चालू ठेवतो. जोडल्यावर टोक मुठीत धरून आकडा चढतो ना, हे पाहायला पाच सेकंद लागतात. तार वाढवायची तर त्याच जातीच्या केबलने वाढवावी. साध्या तांब्याच्या तारेने वाढवली, तर जोडाच्या जागी कंट्रोलरपेक्षा जेवढे अंश जास्त असतील, तेवढे अंश वाचन कमी येतं.

तपासणी घरच्या घरी होते. बर्फाच्या गाळात शून्य यायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र नाशिकला १०० येत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. कंट्रोलर ९८ दाखवत असेल तर त्याला दोन अंश ‘दुरुस्त’ करू नयेत. थर दाबून बसावेत म्हणून भागावर हवाबंद बॅग लावून आतली हवा पंपाने ओढतात; तिथल्या व्हॅक्यूम गेजचंही तसंच. समुद्रकाठच्या माणसाचा गेज ७६० मिमीच्या जवळ जातो, आपला ७०० ते ७१० वर थांबतो. पंप चांगला असतो, डोक्यावरची हवाच तेवढी असते. बॅगवर दर चौरस सेंटीमीटरला १,०३० ग्रॅमऐवजी सुमारे ९६० ग्रॅम दाब मिळतो. तोही भरपूर आहे, पण ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) विमानाच्या भागांवर याच्या सहा-सात पट दाब असतो. एचएएलच्या विमान कारखान्यामुळे ओझरच्या आकाशात सुखोई रोज दिसतं आणि मनात तुलना येते. ओव्हनमध्ये फक्त व्हॅक्यूमवर पिकण्यासाठी बनवलेलं प्रीप्रेग घ्यावं. ऑटोक्लेव्हचं प्रीप्रेग इथे पिकतं, पण आत बुडबुडे राहतात.

बुडबुड्यांचा मोठा वाटेकरी पाणी. ५० मिलिबारच्या व्हॅक्यूममध्ये पाणी ३३ अंशांनाच उकळतं, म्हणजे ओव्हन कोमट झाला की थरांत अडकलेला ओलावा वाफ होऊन फुगतो. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढलेलं प्रीप्रेग पिशवी न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. नाशिकच्या पावसाळ्यात पिशवी लवकर फोडली तर रोलवर दव दिसतं, आणि ते दव नंतर पुसून निघत नाही.

बॅग लावताना रचना नेहमीचीच: पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), भोकाची रिलीज फिल्म (न चिकटणारी), ब्रीदर (हवा वाहू देणारा जाड थर), वर नायलॉनची बॅग, कडेला टॅकी टेप (बॅग हवाबंद करणारी चिकट पट्टी). कोपऱ्यांत फिल्मला भरपूर चुण्या द्याव्यात. फिल्म ताणून बसली तर कोपऱ्यावर पूल बांधते, तिथे दाब पोचत नाही आणि रेझिन साचतं. व्हॅक्यूम आला की झडप बंद करून पाहावं. पाच मिनिटांत २५ मिमीहून जास्त उतरला तर ओव्हनचं दार लावू नये. गळती गरम झाल्यावर कमी होत नाही, टेप मऊ होऊन वाढतेच. ओव्हनच्या आतली नळी तांब्याची किंवा सिलिकॉनची हवी. पारदर्शक पीव्हीसी नळी ८० अंशांना चपटी होऊन बंद पडते, गेज बाहेर असल्यामुळे तो छान आकडा दाखवत राहतो आणि आत बॅग सैल असते. यासाठी दुसरा गेज बॅगच्या दुसऱ्या टोकाला जोडावा.

मोल्ड कशाचा आहे, हेही आधीच ठरवायला हवं. साध्या पॉलिएस्टरचा मोल्ड ६० च्या पुढे भरवशाचा नाही. एमडीएफमधून ओलावा सुटतो आणि तो तडकतो. इपॉक्सीचा मोल्ड आधी स्वतः पोस्ट-क्युअर केलेला असावा, क्युअरपेक्षा जास्त तापमानाला. ॲल्युमिनियमचा एक मीटर मोल्ड ९० अंश तापला की दोन मिमीने वाढतो, पोलाद एका मिमीने, कार्बन लॅमिनेट जेमतेम ०.२ मिमी. वाढलेल्या मोल्डवर भाग पिकतो, मग मोल्ड आक्रसतो. खोलगट ॲल्युमिनियम मोल्ड थंड होताना भागाला दोन्ही बाजूंनी आवळतो, आणि उतार दिलेला नसेल तर भाग बाहेर काढताना कड फुटते.

रिकामा ओव्हन पहिल्यांदा १३० अंशांवर दोन तास, शेडची दारं उघडी ठेवून चालवावा. पत्र्यावरच्या तेलाचा आणि नव्या रॉकवूलचा वास निघून जातो. मग आठ कोपरे आणि मध्य असे नऊ थर्मोकपल लावून मोजावं. पाच अंश इकडे-तिकडे असेल तर घरच्या ओव्हनला उत्तम. भाग असताना किमान दोन थर्मोकपल लागतात: एक आतल्या हवेत, ज्यावर कंट्रोलर चालतो, आणि एक मोल्डच्या सगळ्यात जाड जागी खालून चिकटवलेला. क्युअरच्या तापमानाला धरून ठेवायची वेळ सुरू झाली असं मानायचं ते मागे राहिलेला थर्मोकपल पोचल्यावर. हवा १२० वर आली म्हणून घड्याळ लावलं, तर जाड मोल्डवरचा भाग अर्धाच पिकतो, आणि दिसायला पूर्ण पिकल्यासारखाच दिसतो.

ॲसिटोनने पुसलेला ओला मोल्ड, स्टायरीनचा वास येणारा ताजा पॉलिएस्टर भाग किंवा भांड्यात उरलेलं जाड रेझिन यातलं काहीही आत जाऊ नये. पहिल्या दोघांची वाफ बंद खोक्यात पेट घेते, तिसरं स्वतःच्याच उष्णतेने धुमसतं. छताला २० मिमीचं एक भोक कायम उघडं ठेवावं. आणि या ओव्हनमध्ये खाण्याची वस्तू कधीही ठेवू नये.

वीज गेली तर काय, हे कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये आधी पाहून ठेवावं. काही कंट्रोलर वीज आल्यावर कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करतात, काही जिथे होते तिथून, काही थांबून राहतात. व्हॅक्यूमच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी येऊ न देणारी झडप) आणि एक रिकामी टाकी असली की बॅग दहा-पंधरा मिनिटं दम धरते. रेझिन जेल होण्याआधी, म्हणजे वाहायचं थांबण्याआधी, व्हॅक्यूम गेला तर भाग गेला. जेल झाल्यावर गेला तर बहुधा वाचतो. म्हणून छोटा इन्व्हर्टर असेल तर तो हीटरला न देता पंपाला द्यावा.

उतरताना मिनिटाला तीन अंशांहून जलद नाही, आणि दार ५० अंशांच्या खाली. तोवर पंप चालू. बॅग काढल्यावर भाग हातात घेऊन नाण्याने टकटक करत जावं. एकसारखा टणत्कार येत असताना मध्येच आवाज बद्द झाला, तर तिथे थर सुटलेत. त्या जागेभोवती खडूने गोल करावा आणि त्या फेरीचा तापमानाच्या नोंदींचा कागद काढून पाहावा, की तो कोपरा कोणत्या थर्मोकपलजवळ होता.